मुलींवर हात न टाकणारे गुरुजी

गुरुजी,

मागच्या रविवारी तुमच्या फोटोला हार मी घातला. मनापासून घातला नाही, हे आधीच सांगते, म्हणजे तुमचा गैरसमज नको. आपल्या सातवीच्या वर्गाचा मेळावा होता, तुळजापूरला, एका लॉजच्या वरच्या हॉलमध्ये. तुळजापूर अशासाठी की दर्शनही होतं आणि सगळीकडून गाड्या आहेत. फोटो तुमच्या मुलानं पाठवला होता, एका कोपऱ्याला ओल लागलेला. टोपी, जाड भिंगाचा चष्मा, आणि चेहरा असा की या माणसानं आयुष्यात मुंगीसुद्धा मारली नसेल. हार पहिल्या नंबरच्या मुलीनं घालायचा, चार शब्दही तिनंच बोलायचे, असं ग्रुपवर परस्पर ठरलं आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी, पाटबंधारे खात्यातून कारकून म्हणून रिटायर झाल्यावर, मी पुन्हा पहिल्या नंबरची मुलगी झाले. नाही म्हणता आलं असतं. तुमच्या मातीलाही मी आले नव्हते. तेव्हा मी कळंबच्या ऑफिसात होते, निरोप वेळेवर मिळाला होता, एसटीही होती. मी टेबलावरची फाईल पुढं ओढली आणि काम करत बसले. पण या वेळी ग्रुपवर कुणीतरी लिहिलं की ती येणार आहे. मग मी चार पानं लिहून काढली, तुमच्याबद्दल, सगळी खरी. ती समोर बसलेली असताना, सगळ्यांच्या देखत वाचायची असं ठरवलं. तिला एकदा कळू दे की दोष कुणाचा होता, एवढंच मला हवं होतं. पंचेचाळीस वर्षांनी मैत्रीण परत मिळवायची दुसरी तऱ्हा मला माहीत नव्हती.

ती म्हणजे कोण, हे तुम्हाला सांगावं लागेल, कारण तुम्हाला पोरांची नावं लक्षात राहत नसत, रांगेतली जागा तेवढी राहायची. दुसऱ्या रांगेत खिडकीकडून तिसरी. बाजारातल्या कापडाच्या दुकानवाल्यांची थोरली. कपाळावर विभूतीची पट्टी, कानात बुगड्या, दोन वेण्या इतक्या घट्ट की डोळे ताणल्यासारखे दिसायचे. त्यांच्या घरात कानडी बोलत. मी शाळा सुटल्यावर दप्तर घेऊन सरळ त्यांच्या स्वयंपाकघरात जायची. तिची आई चुलीपुढं बसलेली असते, माझ्याकडं न बघता म्हणते, "ऊट माड," म्हणजे जेव, आणि ताटात कडक भाकरी, वर शेंगाची चटणी आणि तेलाची धार येते. माझ्या घरी आई नव्हती. वडील कालव्याच्या कामावर मजुरांची हजेरी घ्यायला जात ते अंधार पडल्यावर येत. तेव्हा मी मराठीत जितकी जेवले त्यापेक्षा कानडीत जास्त जेवले, असं गंमतीनं म्हणते मी. त्या घरात मला कुणी पाहुणी समजलं नाही. तिची धाकटी भावंडं भांडली तर मलाही दोन धपाटे बसत. असं घर पुन्हा मला मिळालं नाही, माझ्या स्वतःच्या संसारातसुद्धा नाही.

आता तुमच्या वर्गाकडं येते. तुमचा तास पाढ्यांचा. तुम्ही खुर्चीवर, टेबलावर शेंगांची पुडी. एकेकाला उभं करून विचारायचं, "सतरा आठे?" चुकला की उभाच. पुढचा चुकला की तोही उभा. असं करत करत ज्याला उत्तर येईल त्यानं सगळ्या उभ्या रांगेचं डाव्या हातानं नाक धरायचं आणि उजव्या हातानं थोबाडीत मारायची. त्या वेळी हे पुष्कळ शाळांत चालायचं, मला माहीत आहे. पण तुमचं एक खास होतं. तुम्ही अभिमानानं सांगायचात, "म्या पोरींवर हात टाकत न्हाय." पालकांना सांगायचात, साहेब तपासणीला आले की त्यांना सांगायचात. खरं होतं ते. तुम्ही हात टाकत नव्हता, तुम्ही शेंगा सोलत होता. हात आमचे होते. आमच्याकडून आमच्यावरच टाकून घेत होता, आणि टरफलं पुडीत नीट गोळा करत होता, वर्ग घाण होऊ नये म्हणून.

तुमच्या वर्गात मैत्री टिकत नसे, हे कधी तुमच्या ध्यानात आलं का? कशी टिकेल? सकाळी ज्यानं नाक धरून मारलं त्याच्याबरोबर दुपारी लगोरी कशी खेळायची? मारणाऱ्याला वाटायचं आपण हुशार, मार खाणाऱ्याला वाटायचं उद्या माझी पाळी येऊ दे, मग बघतो. प्रत्येकाच्या मनात एक हिशेब चालू असायचा, कुणी कुणाला किती जोरात मारली याचा. तो अजून चालू आहे, गुरुजी. मेळाव्यात नातवंडं असलेले बाप्ये एकमेकांना सांगत होते, तू मला अमक्या दिवशी कानफटात लगावली होतीस. हसत होते. मला ते हसणं आवडलं नाही. एवढी वर्षं ध्यानात ठेवलेली गोष्ट गमतीची नसते.

ती पाढ्यात चुकायची, पण ती ढ नव्हती. हे तुम्हाला कधी कळलं नाही, कळून घ्यायची तुम्हाला गरजही वाटली नाही. पाढे तिला वडिलांनी, आण्णांनी, दुकानात शिकवले होते, कानडीत, तिसापर्यंत तोंडपाठ. तुम्ही मराठीत विचारायचात, ती मनात कानडीत मोजायची, उत्तर हातात असायचं, पण ते मराठीत करून तोंडापर्यंत आणेस्तोवर तुम्ही "बस खाली... न्हाय न्हाय, उभीच रहा," म्हणून पुढं सरकलेले असायचात. आणि पुढं बहुतेक मी असायची. मला येत असायचं. मी मुद्दाम चुकायला हवं होतं असं आता कुणी म्हणेल. दोनदा चुकले होते. वडिलांना तुम्ही बाजारात गाठून सांगितलंत की पोरगी बिघडली, आणि त्या दिवशी वडिलांनी मला जे सुनावलं त्यानंतर चुकायचं माझं धाडस झालं नाही. वडिलांना माझ्या पहिल्या नंबराशिवाय अभिमानाचं दुसरं काही नव्हतं.

मग आम्ही दोघींनी एक युक्ती काढली. खरं तर तिनंच. अकराव्या-बाराव्या वर्षी ती भाकरी थापायची, मला अजून पीठही मळता येत नव्हतं. शाळेमागच्या हौदापाशी उभं राहून तिनं मला शिकवलं. "हात असा पोकळ धर. बोटं जरा वाकीव. आवाज लई येतो, लागत न्हाय." आणि स्वतःच्या गालावर माझा हात घेऊन मारून दाखवला, भाकरी थापल्यासारखा आवाज आला. आम्ही दोघी इतक्या हसलो की हौदावर पाणी भरायला आलेली बाई रागावली. त्यानंतर सहा-सात महिने रोज तुमच्यासमोर मी तिचं नाक धरून पोकळ हातानं मारायची आणि ती डोळे मिटून तोंड वाकडं करायची, कधी कधी जरा जास्तच. तुम्ही शेंगा खात होता. तुम्हाला आवाज पुरत होता. मला वाटतं माझ्या आयुष्यात कुणी माझ्यावर इतका भरवसा टाकला नाही, की रोज समोर उभं राहून डोळे मिटावेत आणि गाल पुढं करावा.

त्या दिवशी थंडी होती. खिडकीतून उन्हाचा पट्टा रांगेवर आलेला. तुम्ही विचारलं, ती अडखळली, मी उत्तर दिलं, नाक धरलं, मारली. आणि तिला हसू आलं. दाबलेलं, नाकातून आलेलं, कारण नाक माझ्या चिमटीत होतं. मलाही हसू आलं. तुम्ही पुडी बाजूला ठेवली, उठलात, चालत आलात. माझा हात मनगटाला धरून उलटा केलात, तळवा बघितलात, जणू तिथं काही लिहिलेलं होतं. "फसविता व्हय मला? इतक्या दिवसापास्नं फसवालाव दोघी?" मग तुम्ही मला म्हणालात, "मोकळ्या हातानं मार. समद्यांना दिसंल अशी. न्हायतर उद्यापास्नं शाळंत येऊ नको, तुज्या बापाला म्या सांगतो." मी मारली. तिच्या गालावर बोटं उठली, बुगडी कानाच्या कातड्यात रुतली आणि रक्ताचा थेंब आला. ती रडली नाही. माझ्याकडं बघत राहिली, डोळे उघडे ठेवून.

ही गोष्ट मी माझ्या मुलीला सांगितली आहे, ऑफिसातल्या मैत्रिणींना सांगितली आहे, एकदा ट्रेनिंगला आलेल्या अनोळखी बाईलाही सांगितली. सांगताना शेवट नेहमी असा करते की तीन दिवसांनी ती शाळेत यायची बंद झाली. तिला कर्नाटकात आळंदला मावशीकडं पाठवलं, तिकडच्या कानडी शाळेत. मी त्यांच्या घरी गेले तर तिच्या आईनं जेवायला वाढलं, नेहमीसारखंच, पण ती नव्हती. मी जेवले नाही. परत त्या घरात गेले नाही. ऐकणारे म्हणतात, काय हो मास्तर, राक्षसच म्हणायचा. मी म्हणते, हो. आणि मला बरं वाटतं. वर्षाअखेर पहिल्या नंबराबद्दल तुम्ही मला शाईचं पेन दिलंत, तुमच्या स्वतःच्या खिशातलं. ते मी विहिरीत टाकलं असं सांगायला मला आवडलं असतं. टाकलं नाही. दहावीपर्यंत वापरलं, चांगलं चालायचं.

माणूस वयानं वाढला की मैत्रिणी कमी होत नाहीत, उलट वाढतात. आता माझ्याकडं भिशीच्या आहेत, सकाळच्या फिरण्यातल्या आहेत, गुडघ्याच्या पट्ट्या कुठं चांगल्या मिळतात ते सांगणाऱ्या आहेत. चांगल्या आहेत बिचाऱ्या. पण त्यांना मी कारकूनबाई म्हणून माहीत, कुणाची आई म्हणून माहीत. आईविना पोर शाळा सुटल्यावर दुसऱ्याच्या चुलीपुढं जाऊन बसायची, हे माहीत असलेलं माणूस एकच होतं. ते तुम्ही माझ्यापासून तोडलंत असं मी धरून चालले. पंचेचाळीस वर्षं कुणावर राग धरायचा म्हणजे काही सोपं काम नाही, रोज थोडं पाणी घालावं लागतं. मी घातलं. रिटायर झाल्यावर तर वेळच वेळ होता.

तर मेळावा. सकाळी देवीचं दर्शन झालं, मग हॉलमध्ये नाष्टा, पोहे, चहा. हार घालून झाला. रिटायर कंडक्टर झालेला एक जण उठला. पहिल्या रांगेत कोपऱ्यात बसायचा तो, तुमचा लाडका. म्हणाला, "आपल्या गुरुजींनी पोरींवर कदी हात टाकला न्हाय. आजकालच्या मास्तरांनी शिकावं ह्ये." टाळ्या पडल्या. मीसुद्धा वाजवल्या, हात आपोआप गेले, त्याचा मला अजून राग येतो. आणि तेवढ्यात मागून कुणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवला. वळून बघते तर ती. वेण्या नाहीत, बुगड्या नाहीत, अंगानं सुटलेली, पण कपाळावर पट्टी तशीच आणि डोळे तसेच ताणलेले. म्हणाली, "ओळखलीस का न्हाय? का ईचारू पुढच्याला?" मी तिचा हात धरला आणि सोडला नाही. बाहेरच्या गच्चीत प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या, तिथं आम्ही चहा घेऊन बसलो.

ती उमरग्याला असते. नवरा गेला, साड्यांचं दुकान ती आणि सून बघतात. माझ्या मनात सगळी वाक्यं तयार होती. मी म्हणाले, "त्या माणसामुळं तुझी शाळा सुटली. मी कधी विसरले नाही." ती म्हणाली, "कुणामुळं? गुरुजींमुळं? अगं न्हाय. मावशीला दिवस गेलते, तिला हाताखाली कुणीतरी पायजे व्हतं. दिवाळीतच ठरलं व्हतं माझं जायाचं. तुला सांगायचा धीर झाला न्हाय, तू रडली असतीस म्हणून." मग चहाचा घोट घेऊन म्हणाली, "गुरुजी त्या दिशी सांजच्याला आमच्या घरी आलते. आण्णाला म्हणले, पोरगी हुशार हाय, धाडू नका. आण्णानं ऐकलं न्हाय." 

हे ऐकून मला तुमच्याबद्दल माया वाटली असं समजू नका. मला संताप आला. घरी गेला होता, तर मला का नाही सांगितलं? माझ्या घरी का नाही आला? हुशार आहे हे कळलं होतं, तर वर्गात का नाही म्हणाला, एकदा तरी, तिच्या देखत? तुमच्या चांगुलपणालाही खुर्चीवरून खाली यायला दिवस मावळावा लागला. मी तिला हेच सांगायला तोंड उघडलं. तर ती आपल्या गालावर हात ठेवून, अगदी सहज, म्हणाली, "एक ईचारू का गं? गुरुजी बास म्हणले व्हते. पयली मारलीस तवा. 'हां, असं. बास,' म्हणले. मग दुसरी का मारलीस? ऐकू आलं न्हाय का तुला?"

खाली रस्त्यावर सोलापूरची गाडी उभी होती, कंडक्टर प्रवाशांना हाका मारत होता. मी म्हणाले, "नाही. नाही ऐकू आलं मला." तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. "मला वाटलंच. घरात समद्यांना सांगत आले म्या, पोरांना, सुनंला, तिला ऐकू आलं नसंल, न्हायतर ती मारायची न्हाय. रडलालीस का? गप. पोरं बघतील." आणि पदरानं माझं तोंड पुसलं, भर गच्चीत, तिच्या आईसारखं.

मग आतून माझं नाव पुकारलं. चार पानं पर्समध्येच राहिली. मी माईकपुढं उभी राहून म्हणाले की गुरुजींनी आम्हाला शिस्त लावली, पाढे पाठ करून घेतले, त्यामुळंच आम्ही आयुष्यात उभे राहिलो. असलं भाषण कुणालाही येतं. टाळ्या पडल्या. तिसऱ्या ओळीत बसून ती सगळ्यांत जास्त वाजवत होती. तेव्हापासून रोज सकाळी तिचा फोन येतो, दुकान उघडायच्या आधी. आम्ही कानडीत बोलायचा प्रयत्न करतो, माझं पार विसरलंय, ती हसते. श्रावणात चार दिवस ये म्हणते, सुनेला तुझ्याबद्दल सगळं माहीत आहे म्हणते. मी येते म्हणाले आहे.

तुमच्यावरचा राग काही गेलेला नाही, गुरुजी. मोकळ्या हातानं मार, हे तुम्हीच म्हणालात. शाळेतून काढण्याची धमकी तुमची, शेंगा तुमच्या. पहिली चापट मी तुमच्या नावावरून कधी उतरवणार नाही, मेलात तरी नाही. पण दुसरीचं मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. मुलीला सांगितलेल्या गोष्टीत ती नाही, त्या चार पानांतही नव्हती. तुम्ही 'बास' म्हणालात ते मला ऐकू आलं होतं. हातभर अंतरावर होता तुम्ही, आवाजही काही लहान नव्हता. ऐकू आलं, तिचे डोळे उघडे दिसत होते, आणि तरी मी हात उचलला. त्याआधी तुम्ही 'हां, असं' म्हणाला होता, शाबासकी दिल्यासारखं, तेवढं पुन्हा ऐकायचं होतं मला. आणि मारल्यावर बरं वाटलं होतं. हे खरं तर तिला लिहायला हवं. तिचा नंबर आहे, दुकानाचा पत्ता आहे, दोन दिवसांत पोचेल. तुमच्यापर्यंत काही पोचत नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं.